किटली ऑफलाइन आहे

सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी ऑपरेटरबाईंच्या दाराची बेल वाजली, तेव्हा त्यांच्या तोंडात टूथब्रश होता. दार उघडलं तर बाहेर तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले काका. त्यांच्यामागे समोरच्या घरातल्या शिवणवाल्या वहिनी, आणि त्यांच्याही मागे, पायजम्यावर कोट चढवलेले कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर. डॉक्टरांच्या हातात बॅगसुद्धा होती.

"आहात!" विमावाले काका म्हणाले. आवाजात आनंद होता, पण थोडासा अपेक्षाभंगही असावा.

"आहे म्हणजे? कुठे जाणार?" ऑपरेटरबाई फेसातूनच बोलल्या.

"तुमची किटली गेलीय म्हणून कळलं."

"माझी किटली?"

"चिरंजीवांचा फोन आला मला. म्हणाले, काका, आईची किटली ऑफलाइन आहे, फोनही उचलत नाहीये, धावा. आता किटली ऑफलाइन म्हणजे नक्की काय ते मी विचारलं नाही. म्हटलं, डॉक्टरांना घेतलेलं बरं."

डॉक्टर एव्हाना आत येऊन खुर्चीवर टेकले होते. "आलोच आहे तर बीपी बघतो," ते म्हणाले. बीपी अर्थातच वाढलेलं निघालं. पहाटेच्या पारी दारात डॉक्टर, विमा आणि शेजार असा तिहेरी मोर्चा आल्यावर कुणाचं वाढणार नाही? पण नेमका त्याच वेळी चिरंजीवांचा फोन लागला आणि विमावाल्या काकांनी तो आकडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"बघितलंस?" चिरंजीव पलीकडून म्हणाले. "आई, हे तिसऱ्यांदा झालं या महिन्यात. आता बास. आणखी एकदा जरी झालं ना, तर मी टेम्पो घेऊन येणार. खोली रिकामी करून ठेवलीय मी तुझ्यासाठी. रंगसुद्धा दिलाय."

ऑपरेटरबाईंनी टूथब्रश बेसिनमध्ये टाकला. रंग दिला म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं होतं.

त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. रिटायर झाल्यावर नाव तेवढं राहिलं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक मुलगा तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात एकटा राहायचा आणि घरात बसून कंपन्यांसाठी यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचा. गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा तो येऊन आठ दिवस राहिला आणि जाताना घरात पाच स्मार्ट प्लग लावून गेला. वाकायला नको, चालायला नको, फोनवर बोट ठेवलं की दिवा लागतो, पंखा थांबतो, असं त्याने समजावलं. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की तेच प्लग त्याच्याही फोनवर दिसायचे. सकाळी सहाला किटली चालू झाली की आई उठली. साडेसातला रेडिओ लागला की आई नाश्त्याला बसली. संध्याकाळी दिवा लागला की आई धडधाकट आहे. आणि यातलं काहीच दिसेनासं झालं की चिरंजीवांचं धाबं दणाणायचं.

आणि ते वारंवार दिसेनासं होत होतं. प्लगवरचा निळा दिवा स्थिर असायचा, तो अचानक लुकलुकायला लागायचा. कधी किटली जायची, कधी रेडिओ, कधी पाचच्या पाच.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाईंनी प्लगच्या डब्यावरचा मदतकेंद्राचा नंबर फिरवला. सतरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई बोलली.

"नमस्कार मॅडम, मी तुमची काय मदत करू शकते?"

"आधी माइक तोंडापासून चार बोटं लांब धर. फुंकर ऐकू येतेय नुसती."

पलीकडे खुडबुड झाली. "आता बरं येतंय का?"

"आता छान. बोल."

मदतकेंद्रातल्या बाईने शिकवल्याप्रमाणे सगळं विचारलं. प्लग काढून पुन्हा लावलात का? लावले. बटण पाच सेकंद दाबून धरलंत का? धरलं. राउटर कुठे आहे? लोखंडी कपाटाच्या मागे. तिथून हलवा. हलवला. आधी पुस्तकांच्या फळीवर, मग जेवायच्या टेबलावर, शेवटी घराच्या बरोब्बर मध्ये म्हणून पॅसेजमध्ये स्टुलावर. रात्रीपर्यंत प्लग सुरळीत चालले आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा गेले. शिवाय पॅसेजमधून जाताना बाईंना दर खेपेला स्टूल आडवं यायला लागलं. गुडघा वाचवायला आणलेल्या यंत्रापायी चांगला गुडघा ठेचकाळला.

शेवटी त्यांच्यातली जुनी ऑपरेटर जागी झाली. एक्स्चेंजमध्ये लाइन का बिघडते हे कुणी सांगायला यायचं नाही, नोंद ठेवून शोधायला लागायचं. त्यांनी एक वही घेतली, रेघा मारल्या आणि लिहायला बसल्या. फोन आता त्या सतत जवळ बाळगायच्या आणि चिरंजीवांना लगेच उत्तर द्यायच्या, त्यामुळे टेम्पो तूर्त टळला होता. सोमवार, सहा दहाला किटली गेली, सहा चाळीसला आली. चार पाचला सगळे गेले, सहाला आले. मंगळवार, तसंच. बुधवार, तसंच. शनिवारी चारला काही झालं नाही. रविवारी तर दिवसभर निळे दिवे टक्क जागे.

त्यांनी वहीवरून नजर उचलली आणि छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर ट्यूशनवाल्या मॅडम राहायच्या. त्यांची शिकवणी सोमवार ते शुक्रवार, चार ते सहा.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला आणि नेमकी तीच बाई मिळाली. तिने राउटरच्या यादीपर्यंत पोचायचं कसं ते टप्प्याटप्प्याने सांगितलं.

"मॅडम, वर एक आकडा दिसतोय का? जोडलेली उपकरणं?"

"बत्तीस."

"तुमचा राउटर जास्तीत जास्त बत्तीसच घेतो. त्यामुळे तुमचे प्लग बाहेर फेकले जातायत. एवढी उपकरणं कशी मॅडम? ऑफिस आहे का तुमच्याकडे?"

बाईंनी यादी वाचायला सुरुवात केली. बेडरूम टीव्ही. त्यांच्या बेडरूममध्ये टीव्ही नव्हता. डॅडींचा टॅब. माझा नवा फोन दोन. किंग ऑफ किंग्ज.

त्या हळूहळू खाली बसल्या. सगळं आठवायला लागलं. शिवणवाल्या वहिनींचं नेट एक दिवस बंद होतं, गिऱ्हाइकाला ब्लाउजचा नमुना दाखवायचा होता, "आजच्या दिवसापुरता द्या हो पासवर्ड." ट्यूशनवाल्या मॅडमची ऑनलाइन परीक्षा होती, एकच दिवस. विमावाले काका दारात उभ्या उभ्याच मागून गेले होते. प्रत्येकाला एकच दिवस दिला होता आणि एकाचाही दिवस अजून मावळला नव्हता. सकाळी सहा दहाला वहिनी यूट्यूब लावून व्यायाम करायच्या. चार वाजता मॅडमची अठरा मुलं अठरा फोन घेऊन जिना चढायची.

"पासवर्ड बदला मॅडम," मदतकेंद्रातली बाई म्हणाली. "सोपं आहे."

बदलणं सोपंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बदलला. सव्वादहाला शिवणवाल्या वहिनी आल्या, दीड वर्षापूर्वी नेलेलं पातेलं परत द्यायला. पातेलं दिल्यावर त्या गेल्या नाहीत. "बाकी, तुमच्याकडे सगळं चालू आहे ना?" असं म्हणत भिंतींकडे बघत राहिल्या. साडेदहाला ट्यूशनवाल्या मॅडम गुडघ्याची चौकशी करायला आल्या. अकराला विमावाले काका आले आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, "हवा कशी आहे आज?" तोवर पहिल्या दोघी बसलेल्याच होत्या. चौघं जण समोरासमोर बसली. वायफायचं नाव काढायची कुणाची छाती होईना.

"किंग ऑफ किंग्ज कोण आहे?" बाईंनी विचारलं.

विमावाल्या काकांनी खिशातला फोन चाचपला आणि खिडकीबाहेर बघितलं.

मग मात्र बाईंनी सगळं सांगितलं. टेम्पोचं सांगितलं, रंग दिलेल्या खोलीचं सांगितलं. "मुलगा चांगलाच आहे माझा," त्या म्हणाल्या. "पण मी तिकडे जाऊन काय करू? तो दिवसभर कॉम्प्युटरकडे बघणार आणि मी त्याच्या पाठीकडे. इथे मला जिन्यातल्या पावलावरून कळतं कोण आलं ते."

वहिनींचा चेहरा रडवेला झाला. मॅडमनी तिथल्या तिथे कबूल केलं की उद्यापासून मुलांचे फोन दाराशी टोपलीत. वहिनींनी व्यायाम साडेसातवर ढकलला. काकांनी बेडरूमचा टीव्ही आपलाच असल्याचं मान्य केलं आणि तो सोडायची तयारी दाखवली. डॅडींचा टॅब कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरटी एक फोन असं ठरलं आणि बाईंनी नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला.

त्यानंतर प्लग असे चालायला लागले की बोलायची सोय नाही. आणि इथूनच खरी गोची सुरू झाली. कारण आता किटली सहाला लागली नाही, तर तो नेटचा दोष ठरेना, बाईंचाच ठरायला लागला. एका गुरुवारी डोळा लागला म्हणून त्या सहाला उठल्या नाहीत. सहा पाचला फोन. "आई? किटली?" एका सकाळी पावणेसहालाच जाग आली म्हणून त्यांनी चहा गॅसवर केला. पुन्हा फोन. "आई, आज किटली नाही?" नोकरीत असतानासुद्धा त्यांना इतक्या वक्तशीरपणे हजेरी लावावी लागली नव्हती.

त्यांनी आपल्या आवडत्या नंबरला फोन लावला.

"मॅडम, त्यात वेळापत्रक लावता येतं," मदतकेंद्रातली बाई म्हणाली. माइक व्यवस्थित चार बोटांवर होता. "किटली सहाला, रेडिओ साडेसातला, दिवा संध्याकाळी सातला. तुम्हाला हातच लावायला नको."

"म्हणजे मी झोपले असले तरी?"

"तुम्ही झोपला असलात तरी."

बाईंनी रात्री किटलीत पाणी भरून, तिचं बटण दाबून ठेवायचं आणि बाकी सगळं प्लगवर सोडायचं, असा क्रम बसला. चिरंजीव बेहद्द खूश झाले. "आई, काय शिस्त आलीय तुझ्या दिवसाला! एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही." तीन आठवडे शांततेत गेले. टेम्पोचा विषय निघाला नाही. बाई सात-सात वाजेपर्यंत झोपायला लागल्या, बीपी उतरलं आणि डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

मग वहिनींनी तलावाची टूम काढली. बायकाबायकांनीच शनिवारी सकाळी निघायचं, तिथल्या लाकडी खोल्यांत राहायचं, होडीत बसायचं, रविवारी दुपारी परत. बाई गेल्या अकरा वर्षांत कुठे गेल्या नव्हत्या. मुलाला सांगावं, असं एकदा मनात आलं. पण सांगितलं की गुडघा, पाणी, होडी, डॉक्टर किती लांब आहे, हे सगळं आलं. त्यापेक्षा रोज रात्री आठला त्याचा फोन येतो, तो तिथूनच घेता येईल, असं त्यांनी ठरवलं. फक्त रिकामी किटली तापायला नको म्हणून तेवढी काढली आणि तिच्या प्लगला टेबल लॅम्प लावून ठेवला. प्लगला काय, किटली असली काय नि लॅम्प असला काय, फोनवर नाव 'किटली'च दिसणार होतं.

शनिवारी सकाळी टॅक्सीवाला खालून हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. बाईंनी टोपी घेतली, गोळ्या घेतल्या, पिशवी घेतली, दार ओढून घेतलं. फोन तेवढा चार्जिंगला राहिला. हे त्यांना कळलं ते अर्ध्या रस्त्यात.

"मी रात्री माझ्या फोनवरून लावून देते की," वहिनी म्हणाल्या. पण तलावाशी कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. बाई घटकाभर अस्वस्थ झाल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, किटली आहे ना त्याच्यासाठी. आणि होडीत बसल्या.

इकडे शनिवारी रात्री आठला चिरंजीवांनी फोन लावला. वाजत राहिला. दिवा सातला लागलेला दिसत होता, तेव्हा त्यांनी मनाची समजूत घातली की आई शेजारी गेली असेल. रविवारी सकाळी सहाला किटली चालू झाली. त्यांनी फोन केला. उचलला नाही. साडेसातला रेडिओ लागला. पुन्हा फोन, पुन्हा नाही. किटली चालू, रेडिओ चालू आणि आई फोन उचलत नाही, याचा अर्थ एकच होता, उठल्यावर आईला काहीतरी झालं होतं. आठला त्यांनी गाडी काढली.

अकराला ते दारात होते. आत रेडिओवर कुणीतरी बोलत होतं. फोन लावला तर तोही आत वाजायला लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्यामागे भर दिवसा दिवा जळत होता. समोर शिवणवाल्या वहिनींच्या दाराला कुलूप. वर ट्यूशनवाल्या मॅडमकडे कुलूप. तिसऱ्या मजल्यावर विमावाले काका बनियनवर सापडले.

"काका, माझी आई कुठेय?"

"मला कोण काय सांगतं? आमचीसुद्धा काल सकाळपासून कुठेतरी गेलीय. फ्रिजमध्ये तीन डबे ठेवलेत, एवढंच मला माहीत."

काका खाली आले. त्यांनी दाराला कान लावला. आतला आवाज संथपणे सांगत होता, "खोल श्वास घ्या... आता हळूहळू सोडा."

"श्वास चालू आहे असं दिसतंय," काका म्हणाले.

"काका, तो रेडिओ आहे!"

"बरं, बरं. किल्लीवाल्याला बोलवू?" किल्लीवाला रविवारी यायला तयार नव्हता. "मग धक्का मारू. घराचा विमा आहे ना?"

दोघांनी जिन्याच्या कठड्यापासून धाव घेतली. पहिल्या धडकेत काकांचा खांदा दुखावला. दुसरीत लॅच वाकलं. तिसरीत दार बिजागरीसकट आत पडलं आणि त्यावर चिरंजीव. त्यांनी उठून सगळ्या खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, कपाटंसुद्धा उघडली. घरात चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर टेबल लॅम्प मंद जळत होता आणि चिरंजीवांच्या हातातला फोन सांगत होता, किटली चालू आहे.

अडीच वाजता ऑपरेटरबाई जिना चढून आल्या. नाक उन्हाने लाल झालेलं, डोक्यावर टोपी, मागे तिघीजणी खिदळत. दार भिंतीला टेकवून उभं होतं. आत जेवायच्या टेबलाशी त्यांचा मुलगा बसला होता आणि खांद्याला शेक देत विमावाले काका.

काकांच्या सौभाग्यवतींनी नवऱ्याला खुणेने उठवलं आणि सगळे पांगले.

"कुठे होतीस?" चिरंजीवांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढलेला परवडला असता.

"तलावावर. होडीत."

"आणि किटली?"

"तो लॅम्प आहे रे."

"ते पाहिलं मी. कधीपासून चाललंय हे?"

"लॅम्प कालपासून. वेळापत्रक तीन आठवडे झाले."

चिरंजीवांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. तीन आठवडे ते रोज सकाळी सहाचा गजर लावून उठत होते, फक्त 'किटली चालू' हे दोन शब्द वाचायला, हे आता बाईंच्या ध्यानात आलं. त्या समोर बसल्या आणि त्यांनी टोपी काढून ठेवली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण तू टेम्पो आणणार होतास."

"बाबा गेले तेव्हा तुझे सात मिस्ड कॉल होते माझ्या फोनवर," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर होता. सात, आई."

हे त्याने चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बाई उठल्या, लॅम्प काढला, किटली लावली आणि पाणी उकळेपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शर्टाखाली हाडं लागली. एवढी कधी लागत नव्हती.

"तू जेवतोस कधी रे?"

"जेवतो की. काम संपलं की."

"आणि काम कधी संपतं?"

त्याने उठून फळीवरचे दोन कप काढले.

सुतार सोमवारी येणार होता. रात्री चिरंजीव दाराऐवजी सोफा आडवा लावून त्यावर झोपले. सोमवारी सुताराने नवी बिजागरी ठोकली, एक किल्ली वहिनींकडे ठेवायचं ठरलं आणि टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. निघताना बाईंनी भिंतीतून दोन प्लग उपटले आणि मुलाच्या बॅगेत घातले.

"हे कशाला?"

"एक तुझ्या किटलीला. एक तुझ्या टेबलावरच्या दिव्याला. आणि ते माझ्या फोनवर दिसले पाहिजेत. मलाही कळू दे."

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून तर."

तो हसला, पण घरी गेल्यावर त्याने दोन्ही प्लग लावले.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी चिरंजीव एका मोठ्या पंपाच्या ड्रॉइंगमध्ये मान खुपसून बसले होते. एका रेषेचं माप जुळत नव्हतं आणि ते जुळल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. इतक्यात टेबलावरचा दिवा फट्‌दिशी गेला. त्यांनी बल्ब हलवून पाहिला. वायर पाहिली. प्लगचा निळा दिवा स्थिर होता, नेट उत्तम चालू होतं. शेवटी त्यांनी आईला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, हे तुझे प्लग पुन्हा बिघडले बहुतेक. दिवा आपोआप बंद झाला."

"आपोआप नाही, मी केला," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "साडेआठ वाजलेत. ऊठ, जेवून घे."